अकिनीचं ताट

माना विमानतळावर मला सोडायला मिशनची निम्मी मंडळी आली होती आणि प्रत्येकाच्या हातात झेंडूचा हार होता. मे महिन्यातलं रायपूर. सकाळी घेतलेली फुलं दुपारपर्यंत गळ्यातच शिजली. घाम, झेंडू आणि कोणीतरी फवारलेलं गुलाबपाणी, सगळ्याचा मिळून असा काही आंबूस वास सुटला होता, की आज तीन वर्षांनीही झेंडू नाकाशी आला तर मला मळमळतं. "दीदी, थोडा इधर देखिए. थोडा स्माइल." मी इधर पाहिलं, उधर पाहिलं. सेवेला निघालेली चौबे कॉलोनीची पोट्टी. आईला कोणी फोटोत घेतलंच नाही. ती ट्रॉलीपाशी उभी होती, पिशवीत बिजौरीचे सांडगे आणि जवसाची चटणी घेऊन. शेवटी तीच गर्दीत घुसली, हार एका हाताने बाजूला सारले आणि माझ्या कानाशी बोलली.

"कोणाचं उष्टं खाऊ नको, आन् कोणाले उपाशी ठेवू नको. बाकी तुह्या मिशनचं तू पाहून घे."

तुमच्यापैकी जे इथेच रायपूरला राहिले त्यांना वाटतं, ही परदेशात देवाधर्माचं काम करून आली, केवढं पुण्य! आणि जे माझ्यासारखे कुठे कुठे गेले, त्यांना मी काय सांगणार? तुम्ही घरी फोन करता तेव्हा काय काय गाळता, ते मला ठाऊक आहे. मीही गाळलं. आता गाळायचा कंटाळा आला आहे, म्हणून लिहिते.

बाबा रेल्वेत होते. ते गेले तेव्हा आमचं घर फार एकटं पडलं, आणि गुरुभक्तांच्या या मिशनच्या बायका दर गुरुवारी येऊन भजन म्हणायच्या. त्यातूनच मी संस्कारवर्ग घ्यायला लागले. मला ते काम मनापासून आवडायचं, हे खोटं नाही. मग एक दिवस मिशनवाल्यांनी विचारलं, आफ्रिकेत दोन वर्षं सेवेला जाशील का? आई म्हणाली, "काहून? इथचे लोक सुधरले का सगळे?" पण मी हट्टाला पेटले होते.

मिशनने मला किसुमूला पाठवलं. केनियातलं तळ्याकाठचं गाव. तळं कसलं, समुद्रच तो, पलीकडचा काठ दिसत नाही. गाव देखणं आहे, लोक हसतमुख आहेत, माती आपल्या बस्तरसारखी लाल आहे. मला वीट आला तो गावाचा नाही. तिथल्या आमच्या मिशनच्या हॉलचा आला.

दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. आरती, देवाचे कपडे, समया. मग अभिषेक. एकेक पातेलं दूध मूर्तीवरून वाहत मोरीत जायचं आणि उन्हं तापली की त्या मोरीला नासल्याचा भपकारा यायचा. शनिवारी संस्कारवर्ग. मुलं समोर बसायची, डोळे मांडीवरच्या फोनमध्ये. रोजचं जेवण तिथे स्थायिक झालेल्या वेगवेगळ्या भारतीय भक्तांकडे, आणि सेविकेने नाही म्हणायचं नाही हा नियम. फ्रीझरमधून काढलेल्या पोळ्या, कालची उसळ, परवाचा शिरा, सगळं मायक्रोवेव्हमधून वाफाळत यायचं आणि म्हणायचे, "दीदी, प्रसाद समजून घ्या." आईच्या वयाच्या बायका माझ्या पाया पडायच्या. हाताला लोशन चोपडलेलं असायचं, माझी पावलं चिकट व्हायची. शी! मी घरी येऊन साबणाने पाय धुवायचे आणि मग धुतले म्हणून मनाला खायचं.

आणि गुरुवारची खिचडी. तळ्याकाठच्या वस्तीतल्या शाळेत आम्ही वाटायला जायचो. आधी बॅनर लागायचा. मग सगळे ट्रस्टी बॅनरखाली उभे राहायचे. मग एका लेकराला पुढे ओढून त्याच्या वाटीवर डाव धरायचा, फोटो नीट येईस्तोवर डाव तसाच, लेकरू तसंच. मग वाढायचं. पाण्यासारखी पातळ खिचडी. आणि परतताना गाडीत सॅनिटायझरची बाटली या हातातून त्या हातात फिरायची, ड्रायव्हर समोर बसलेला असताना. "ये लोग तो ऐसे ही हैं," असं हिंदीत चालायचं. तो बिचारा वीस वर्षं आपल्या लोकांकडे कामाला होता, त्याला हिंदी माझ्यापेक्षा बरी समजत असेल.

या सगळ्यात अकिनी होती. चाळिशीची, उंच, मोठ्याने हसणारी. हॉल झाडणं, भांडी घासणं, बाहेरचं अंगण धुणं ही तिची कामं. मी यायच्या आधीपासून ती तिथे होती, आणि झाडता झाडता तिने सगळी भजनं पाठ करून टाकली होती. आरती तर अशी म्हणायची, की आपल्या बायकांनी लाजावं. आमची दोघींची भाषा म्हणजे मोडकी हिंदी, मोडकं इंग्रजी आणि तिची स्वाहिली. मी इथे मराठीत लिहिते. तिने माझ्याकडून माळ घेतली. माळ घेतली म्हणून मासे सोडले. तळ्याकाठची बाई, जिचं सारं घर मासळीवर वाढलं, तिने मासा सोडला! मी म्हटलं, अगं, एवढं नको. ती म्हणाली, "तू वर्गात सांगतेस ना, अर्धं काही करू नये."

मिशनला अकिनी फार कामाची होती. कॅलेंडरवर तिचा फोटो होता, डोळे मिटून हात जोडलेला. पाहुणे आले की तिला हातातला झाडू ठेवायला लावून स्टेजवर उभं करायचे, भजन म्हणायला लावायचे. टाळ्या पडायच्या. मग ती खाली उतरून परत झाडू घ्यायची.

आता पंगतीचं सांगते. आमच्या मिशनची मोठी शान म्हणजे एक पंगत. हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, इथे सगळे एका पंगतीत जेवतात. सतरंज्या अंथरायच्या, केळीची पानं मांडायची, श्लोक म्हटल्याशिवाय कोणी घासाला हात लावायचा नाही, आणि शेवटच्या माणसाचं होईस्तोवर कोणी उठायचं नाही. आपल्याकडे असतं तसंच. शेवटी सेविकेने सगळ्यांची उष्टी पानं आपल्या हाताने उचलायची. अकिनी पंगतीआधी पानं पुसायची नाही, पाणी वाढायची नाही, कोठीच्या उंबऱ्याच्या आत यायची नाही. पंगत उठली की मग तिला बोलवायचे, पातेली घासायला. तिचं जेवण कागदी प्लेटमध्ये, बाहेर, टाकीजवळ. मी पहिल्या महिन्यात ट्रस्टींना विचारलं तर उत्तर आलं, "तिलाच तिथे बरं वाटतं, दीदी."

एक दिवस अकिनीनेच विचारलं. भिंतीवर काय लिहिलंय, मी तिला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, "मग मी कधी बसायचं?"

मी म्हटलं, "गुरुपौर्णिमेला."

हे मी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आईने फोन डोळ्यांशी नेला, "दाखव बरं मले तुही अकिनी," म्हणाली, आणि दोघी समोरासमोर आल्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीला आपल्या मराठीशिवाय काही येत नाही, तरी दहा मिनिटं हसत होत्या. आई म्हणाली, "तिले सांग, रायपूरले ये म्हणा. माह्या बाजूले बसून जेव म्हणा." मी सांगितलं. अकिनीने दोन्ही हात गालांवर ठेवले. आणि पुढच्या आठवड्यात आईने काय करावं! गोल बाजारात जाऊन स्टीलचं ताट घेतलं आणि दुकानदाराकडून त्यावर नाव कोरून घेतलं, अकिनी. आमच्या घरच्या भांड्यांवर असतं तसंच, ठिपक्याठिपक्यांचं. फोटो पाठवला. माझ्या नावाच्या ताटाच्या बाजूला ते फळीवर उभं होतं. मी तो फोटो पाहून रडले, खोटं काहून बोलू.

गुरुपौर्णिमेला अकिनी आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. निळ्या-पिवळ्या कापडाचा शिवलेला झगा, डोक्याला तसलंच फडकं, गळ्यात माळ. मी तिला माझ्या बाजूला बसवलं. तिच्या पलीकडे सुनंदाताई. सुनंदाताई म्हणजे मुख्य ट्रस्टींच्या पत्नी, मूळच्या नागपूरच्या, तीस वर्षं तिथे आहेत, सगळा महिला विभाग त्यांच्या मुठीत. त्या बसण्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रेणू, तिचं पान कोठीच्या बाहेर लाव ना गं. तिथं आरामात खाईल ती."

"ती इथेच बसणार आहे, ताई."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक? सगळे तर इथेच आहेत."

त्या येऊन बसल्या. वरण-भात, तूप, मसालेभात, भरली वांगी, श्रीखंड. श्लोक सुरू झाला, आणि अकिनीचा आवाज सगळ्यांत खणखणीत. श्लोक संपला. तिने पहिला घास उचलला. तेवढ्यात सुनंदाताईंनी पोटावर हात ठेवला.

"मला भूक नाही गं आज," म्हणाल्या आणि उठल्या.

तुम्हाला माहीत आहे आपल्याकडे पंगतीत वडीलधारं माणूस उठलं की काय होतं. त्यांच्या पलीकडची उठली, तिला अॅसिडिटी. तिचा नवरा उठला, त्याला फोन आला. मग कोणी कारणही देईना. पानं सरकवण्याचे आवाज, गुडघ्यांवर हात टेकून उठल्याचे आवाज, चपला. भरलेली पानं तशीच. तूप भातावर नुसतं ओतलेलं. हॉलभर पानांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये आम्ही दोघी. डोक्यावर ती भिंत, त्यावर ती अक्षरं.

अकिनीचा घास हातातच होता. तिने इकडेतिकडे पाहिलं. "त्यांचं झालं?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"आपलं नाही झालं," ती म्हणाली, आणि जेवायला लागली. सावकाश. सगळं. मसालेभात, वांगी, श्रीखंड बोटाने चाटूनपुसून. मध्येच म्हणाली, "वरण वाढ." मी उठले आणि वाढलं. मला स्वतःला एक घास गिळवला नाही. समोरच्या न खाल्लेल्या पानांवरचं तूप थिजून पांढरं व्हायला लागलं होतं आणि मला ते पाहून उबळ येत होती. बाहेर पार्किंगमध्ये गाड्या सुरू होत होत्या. खिडकीतून एक लहान मुलगी आत डोकावली, तिच्या आईने तिला खसकन ओढलं.

जेवण झाल्यावर अकिनीने हात धुतले आणि म्हणाली, "आज मी भांडी घासणार नाही. आज मी पाहुणी आहे." मी म्हटलं, बरोबर आहे. ती गेली आणि मी पानं उचलायला लागले. नियमच होता ना, उष्टी सेविकेने काढायची. पण ही उष्टी नव्हतीच, कोणी तोंडच लावलं नव्हतं. अन्न होतं सगळं, गरम केलेलं, मीच पहाटेपासून रांधलेलं, आणि तरी कुणाचं उष्टं खाल्ल्यापेक्षा जास्त किळस मला त्याची आली. पानामागून पान मी मागच्या अंगणात नेऊन टाकलं. किसुमूला कचऱ्यापाशी ते मोठे करकोचे असतात, टकले, गळ्याशी लोंबती पिशवी असलेले. माणसाच्या छातीएवढे उंच. ते आले आणि श्रीखंड खायला लागले. चोचीला पिवळं लागलेलं. तिथेच भिंतीला धरून मी ओकले.

दुसऱ्या दिवशी मिशनच्या मोठ्या ऑफिसातून फोन. आवाज अगदी मधाळ. "दीदी, सेवेत भावना आवराव्या लागतात. सुनंदाताईंची माफी मागून टाका, विषय संपला." मी विचारलं, अकिनीची माफी कोण मागणार? पलीकडून पुन्हा तेच, भावना आवरा. मी माफी मागितली नाही. त्यांनी मला परत बोलावलं. राहू द्या असं मीही म्हटलं नाही, मला त्या हॉलमध्ये श्वास घेणंही जड झालं होतं.

अकिनीने आपणहून काम सोडलं. मी निघताना मला भेटायला आली, दुचाकीवाल्याच्या मागे बसून, तळलेल्या माशांची टोपली मांडीवर. बाजारात मासळी विकायला लागली होती. गळ्यात माळ होती. मी माळेकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. ती हसली. "माळ ठेवली आणि मासाही खाल्ला. देवाला सांगितलं. तो काही बोलला नाही." मग माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या आईला सांग, मी येणार आहे. माझं ताट ठेव म्हणावं."

रायपूरला उतरले तेव्हा हार नव्हते, फोटोवाले नव्हते. आई होती, तिने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चांगलं केलंस. उठल्या तर उठल्या मेल्या. अन्नावरून उठते का कोणी? लाजा नाही वाटत?" मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. फळीवर अकिनीचं ताट चकाकत होतं. मला वाटलं, आले बाई घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलेश्वरी आली. आमच्याकडे धुणीभांडी करते, मागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहते, मी शाळेत होते तेव्हापासून येते. तिने भांडी घासली, आणि आईने चहा केला. मागच्या अंगणात नळाच्या वर एक कोनाडा आहे. फुलेश्वरीने तिथला कप काढला. दांडा तुटलेला, कडेला टवका उडालेला. तो तिने खाली धरला आणि आईने वरून, वीतभर उंचीवरून, पातेलं तिरकं करून चहा सोडला. धार बरोबर कपात. एक थेंब बाहेर नाही, पातेलं कपाला टेकलं नाही. इतका सराव.

मला पानांवर थिजलेलं ते तूप आठवलं.

"आई, फुलेश्वरीचा कप आत काहून नाही ठेवत?"

"तिचाच हाय तो. तिले तिथंच बरं वाटते."

किसुमूच्या ट्रस्टींचे शब्द, अगदी तेच. मी म्हटलं, "आणि अकिनी आली तर?"

"अकिनीचं वेगळं हाय. थे पाहुणी. हे कामाले येते."

"अकिनीही कामालाच होती, आई. झाडूच मारायची."

"तुह्या डोक्यात त्या मिशननं काय काय भरून ठेवलं काय माहीत," आई म्हणाली, आणि पातेलं धुवायला घेतलं. माझा भाऊ भूषण खोलीतून ओरडला, "दीदी, छोड़ न यार, सुबह-सुबह." त्याला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीतच.

मी सोडलं नाही. मी आता शहराबाहेरच्या उरला भागात शिकवते, कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांना. जाऊन येऊन स्कूटीवर चेहरा काळा होतो, नाक शिंकरलं की रुमालावर लोखंडाची धूळ. ती घाण मला चालते. तिच्यावर कोणी गुलाबपाणी तर मारत नाही. रविवारी घरी असते. आठ दिवसांपूर्वीच्या रविवारी मी गोल बाजारात त्याच दुकानात गेले, तसंच ताट घेतलं आणि नाव सांगितलं. दुकानदाराने विचारलं, "फुलेश्वरी? घर की नई बहू?" मी म्हटलं, हव, तुम्ही कोरा.

दुपारी स्वयंपाकघरात तीन ताटं मांडली. आईचं, माझं, फुलेश्वरीचं. फुलेश्वरी दारात थबकली. "तोर दाई रिसाही, दीदी," तुझी आई रागावेल, असं ती म्हणाली, पण तिने ताटावरचं नाव बोटाने चाचपलं, वाचता येत नसतानाही, आणि पाय धुवून येऊन बसली. मी विचारलं होतं तिला आधी, बसशील का म्हणून. ती म्हणाली होती, बसीन, रोज उभ्याने खाऊन कंबर दुखते.

आईने पोळ्या केल्या. वाढल्या. दोघींना वाढल्या, गरम, तूप लावून, हात आखडला नाही. कोणाले उपाशी ठेवू नको म्हणणारी बाई ती. मग तिने स्वतःच्या ताटाकडे पाहिलं, फुलेश्वरीच्या बाजूचं, आणि पदराला हात पुसले.

"मले भूक नाही," म्हणाली, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

किसुमूला मला ओकारी आली होती आणि मी तिथून निघून आले होते. इथून कुठे जाऊ? ही माझी आई आहे, हेच माझं घर, याच हातच्या पोळीवर मी वाढले आणि हीच पोळी आठवून मी परक्या देशात उशीत तोंड खुपसून रडले. सुनंदाताईंना मी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या होत्या. आईला एक देता येत नाही. म्हणूनच की काय, राग जास्त येतो.

परवा अकिनीचा फोन आला होता. मागे बाजाराचा गलका. तिने विचारलं, "मम्मी कशी आहे? माझं ताट आहे ना?" मी कॅमेरा फळीकडे वळवला. ताट दाखवलं. ती खूश झाली. तिला मी बाकी काही सांगितलं नाही, आणि आई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

काल पुन्हा रविवार होता. मी पुन्हा तीन ताटं मांडली. आईने पोळ्या केल्या, वाढल्या, आणि पुन्हा तिला भूक नव्हती. फुलेश्वरीने सावकाश जेवण केलं, वरण मागून घेतलं. आईचं ताट तिच्या बाजूला तसंच कोरडं राहिलं. मी ते उचललं नाही. संध्याकाळपर्यंत तिथेच होतं.

येत्या रविवारीही मांडीन. मी आता इथून कुठे जाऊन राहिले नाही. बघू, आईला किती दिवस भूक लागत नाही ते.